उतरताना माझे बाई

दोन सीटांच्या मधे तो आडवा पडला होता – काळा, वीतभर लांब, टोकाला बटण – आणि नंदकुमारने अंगठा दाबून व्हिडिओ नेमका तिथेच थांबवला होता, त्यामुळे काचेबाहेरचं सगळं पांढरं, जे दाखवायला कल्पीने व्हिडिओ पाठवला होता, ते कडेला सरकलं आणि मधोमध उरला तो हँडब्रेकचा दांडा. खाली. त्याने पुन्हा पहिल्यापासून बघितलं. गाडी चढावर थांबते, इंजिन बंद होतं, कल्पी हसते, नाकाचा शेंडा लाल झालेला, "बाबा, बघ तुझी ड्रायव्हर!" म्हणते, दार उघडते, उतरते... आणि दांडा खालीच.

"किती वेळा बघाल? पोर तीच, बर्फ तोच," सुगंधा आतून आली. "चाय निवली तुमची."

"रस्ता बघतोय."

"रस्ता कुठे दिसतोय त्यात!"

ती परत आत गेली – एक पाऊल पुरं, एक अर्धं, एक पुरं, एक अर्धं. बावीस वर्षं हा ठेका घरात आहे. पाहुण्यांना ऐकू येतो, त्याला येत नाही. आज आला.

कल्पी विसरणारच नाही. भांडुपच्या या चढावर त्याने पोरीबाळींना, सासवांना, रिटायर झालेल्या मास्तरांना गाडी शिकवली, पण उतरताना दांडा ओढून वर दोनदा हात लावून बघायची ती फक्त कल्पी. दार लावलं की काचेतून परत एकदा डोकावायची. लोक म्हणायचे, शेवटी ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची पोरगी. तो हसायचा. काय करणार, हसायचा.

मग आज काय झालं तिला? तिथे हिमाचलात, स्पितीत, एका संस्थेची गाडी, चारही चाकांना जोर असलेली, डोंगरातल्या गावांतून आजारी माणसं दवाखान्यात आणायची नोकरी – आणि चढावर गाडी उभी करून ही बया हसत उतरते...

दाढी करताना आरशात त्याला स्वतःचा हात दिसला. साबण लागलेला, साधा हात. ह्याच हाताने.

चढ हाच होता, फक्त बावीस वर्षांपूर्वी बिल्डिंगी नव्हत्या, खाली सार्वजनिक नळ होता आणि नळामागे भिंत. ड्रायव्हिंग स्कूलची जुनी मारुती. कल्पी सात वर्षांची, पुढच्या सीटवर, पाय हलवत. पानवाल्याकडे टीव्ही चालू होता, शेवटच्या दोन ओव्हर राहिल्या होत्या, आणि तो इंजिन बंद करून उतरला तो टीव्हीकडे बघतच उतरला. एवढंच. दांडा ओढायचा राहिला. गाडी क्षणभर उभी राहिली – त्याला अजून वाटतं, तिने त्याची वाट बघितली – आणि मग मागे, अगदी सावकाश, आवाज न करता उताराला लागली. सुगंधा हंडा भरत होती. भिंत आणि गाडी यांच्यामधे तिचा उजवा पाय.

तो धावला, दार उघडलं, आणि सगळ्यात आधी काय केलं असेल? दांडा वर ओढला. आता कशाला, गाडी तर भिंतीला टेकली होती. पण ओढला. गर्दीतून कुणीतरी विचारलं, दांडा पडला कसा? दुसरं कुणी म्हणालं, पोरगी खेळली असेल. तो काही बोलला नाही. खोटं बोललो असतो तर एखाद्या दिवशी ते खोटं मागे तरी घेता आलं असतं. मी गप्प बसलो, आणि गप्प बसणं मागे कसं घेतात ते मला कुणी शिकवलं नाही. कल्पीने माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. तळहात उलटा करून, सुलटा करून.

पायात स्टीलची पट्टी बसवलेली सुगंधा हॉस्पिटलात पडल्या पडल्या गाणं जुळवत होती. तिची आई जात्यावर जशी म्हणायची त्या चालीत, लेकीला न रागावता शिकवायचं म्हणून –

*आधी आरसा बघावा, मग क्लच तो सोडावा,*
*उतरताना माझे बाई, दांडा वर गं ओढावा.*

पुढे प्रत्येक शिकाऊ बाईला त्याने हेच गाणं म्हणायला लावलं. हशा पिकायचा. झकास जमलंय हां सर, म्हणायच्या.

चार वाजता फोन आला. सुगंधा वाटाणे सोलत समोरच बसली होती. त्याने फोन उचलला आणि कधी नव्हे तो गॅलरीत गेला.

"दांडा खाली होता," तो म्हणाला.

पलीकडून खदखदून हसणं. "बाबा! मला वाटलंच! अरे, सगळं सोडून तेवढंच दिसलं तुला?"

"हसू नको. चढ होता."

"इथे थंडीत हँडब्रेक ओढायचाच नसतो. ओढून ठेवला ना, की सकाळी गोठून बसतो, चाकं सुटत नाहीत. गाडी गिअरमधे ठेवायची आणि चाकामागे दगड लावायचा. पहिला आठवडा माझा हात ऐकेना. दोर्जेकाका, इथले जुने ड्रायव्हर, ते दांड्यावर हात ठेवून बसायचे, म्हणायचे, मॅडम, छोड दो उसको." ती गुणगुणली – "उतरताना माझे बाई, दगड चाकाला लावावा. आईला सांग, नवीन कडवं."

"सांगतो."

"उद्या सकाळी एका बाईला आणायला जायचंय. दिवस भरलेत तिचे. रस्त्यावर बर्फाची नुसती काच आहे रे."

"चारही चाकं ओढतात ना तुझ्या गाडीची?"

"ओढतात. चढताना. थांबताना तिला कुणी वाली नाही. सगळे तिथेच फसतात, गाडी मोठी म्हणून जोरात जातात." मग आवाज खाली आला. "बाबा, एक सांगू? आईला नको सांगू. गाडी घसरली की ब्रेक मारायचा नसतो. पाय उचलायचा, स्टिअरिंग हलकं धरायचं, जिथे जायचंय तिकडे बघायचं, चाकाला फिरू द्यायचं. मग ते आपली पकड आपण शोधतं. मला पाठ आहे सगळं. पण गाडी आपोआप सरकली ना, की मला नळाची भिंत दिसते. आई दिसते. आणि पाय ब्रेकवर जातो. काल गेला. गाडी पूर्ण फिरली."

तो कठड्याला धरून उभा होता.

"काही झालं नाही," ती घाईने म्हणाली. "बाजूला बर्फाचा ढीग होता. तू घाबरू नको. खरं तर मी कायम तुझीच आठवण काढते अशा वेळी. जयंतीमावशी किती बोलली होती मला तेव्हा, आणि तू... एक शब्द नाही. इतकी मोठी चूक माझी, आणि तू कधी चढ्या आवाजात –"

"कल्पी."

"काय?"

ब्रेक. त्याच्या घशात पाय गच्च दाबलेला.

"किती वाजता निघणार उद्या?"

"सातला. सहाला करते फोन. ठेवू? रेंज जाईल."

नंतर बराच वेळ तो गॅलरीतच होता. खाली चढावरून पोरं सायकली ढकलत वर नेत होती. मी सांगितलं, तर तिच्या डोळ्यांपुढची भिंत जाईल. भिंतीबरोबर तिचा तो बाबाही जाईल, एक शब्द न बोललेला, देवमाणूस. बावीस वर्षं त्या माणसाच्या कपड्यांत मी वावरलो, मला ते बसले, कुठे सैल नाही, कुठे घट्ट नाही... आणि उद्या सात वाजता काचेच्या रस्त्यावर तिचा पाय.

ऊन अजून होतं तेव्हा तो खाली उतरला. आपली गाडी चढावर उभी होती. आत बसून त्याने ती पहिल्या गिअरमधे टाकली, बाहेर येऊन मागच्या चाकाला दगड लावला, पुन्हा बसला, आणि दांड्याचं बटण दाबून तो हळूहळू खाली नेला. गाडी बोटभर मागे सरकली – भिंत, हंडा, सगळं एका श्वासात – आणि दगडाला टेकून थांबली. उभी राहिली.

एक पाऊल पुरं, एक अर्धं. त्याने आरशात बघितलं. सुगंधा पिशवी घेऊन मंडईला निघाली होती. ती खिडकीशी वाकली.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही. बस जरा."

"मंडई उरकायची आहे मला."

"बस गं."

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, ती बसली. पिशवी मांडीवर घेतली, उजवा पाय हाताने उचलून आत ठेवला, आणि बसल्या बसल्या, बोलण्याआधीच, तिचा हात सवयीने दांड्याकडे गेला.

"अहो, हा खाली राहिलाय..."

त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "राहू दे तसाच."

तिने त्याच्याकडे बघितलं. समोर चढ सरळ वर गेला होता, त्याच्या टोकाला आभाळाची एक पांढरी पट्टी. त्याने नजर तिथे लावली. छातीत काहीतरी आपोआप सरकायला लागलं होतं, सावकाश, आवाज न करता, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने त्याच्यावर पाय दिला नाही.