नको म्हणायचा हक्क

संघमित्रा कायद्यात पीएचडी करत होती. विषय असा की, धोक्याचं काम नाकारायचा मजुराला हक्क किती, आणि तो मेला तर जबाबदार कोण. एवढी शिकलेली पोरगी, पण चूक केली ती अस्सल चाळीतली. डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीत दिवसाढवळ्या दार लावून बोलणं म्हणजे शेजाऱ्यांच्या तोंडावर थुंकणं. म्हणून तिने जयवंतकाकांची मुलाखत भर गॅलरीत घेतली, खुर्च्या टाकून, चहा पीत.

काका शेजारच्या खोलीतले, समोरच्या टॉवरच्या साइटवर वॉचमन. तिथे नुकताच एक मजूर परांचीवरून पडून मेला होता.

"तो मजूर नको म्हणत होतो गो," काका म्हणाले. "परांची हलता, असा तो म्हणालो. हितेंद्रान तेका कानफटात मारून चढवल्यान."

हितेंद्र साइटचा सुपरवायझर, याच चाळीत वाढलेला. गॅलरीभर कान होते. बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो?

दुसऱ्याच दुपारी तो दोन माणसं घेऊन आला. हातात सळई. काकांना भरल्या ताटावरून कॉलर धरून बाहेर ओढलं.

"काय बघितलंस रे म्हाताऱ्या?"

पहिला फटका गुडघ्यावर. दुसरा हातावर, आणि हाड मोडल्याचा आवाज गॅलरीच्या टोकापर्यंत गेला. धडाधड दारं लागली. मेल्यांनी एकजात कड्या घातल्या.

संघमित्राने धावत जाऊन हितेंद्रचा दंड धरला. त्याने तिला भिंतीवर असं आपटलं की ओठ फाटला. तिची आई, कमळाबाई, तिला केस धरून आत घेऊन आली आणि कडी दाबून दाराशी उभी राहिली.

"सोड, आई. माझ्यामुळे मारतायत त्यांना."

"तुलापण मारतील."

बाहेर फटके पडतच होते. काकांचं ओरडणं मात्र थांबलं होतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. तिने आईचं मनगट धरलं आणि सगळा जीव लावून पिरगाळलं. कटकन आवाज झाला. आई मट्‌कन खाली बसली.

दार उघडलं तेव्हा हितेंद्र जिना उतरत होता. काका रक्तात पडले होते, पण श्वास चालू होता.

संध्याकाळी हवालदार दारोदार विचारत फिरला. कोणी झोपलं होतं, कोणाचा टीव्ही मोठा होता. संघमित्राने सगळं सांगितलं.

"मॅडम, तुम्ही या बिल्डर लोकांविरुद्धच रिसर्च करताय," तो म्हणाला. "त्यांचा वकील तुमचा जबाब उडवेल. दुसरं कोणी?"

तिने आईकडे पाहिलं नाही. कुठल्या तोंडाने तिच्याकडे साक्ष मागणार होती ती? हाताला प्लॅस्टर घालून आल्यापासून आई तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"मी पाहिलं," कमळाबाई म्हणाली. "दाराच्या फटीतून. हितेंद्रच मारत होता. लिहा."

हवालदाराने पेन काढलं. "हाताला काय झालं, बाई?"

"पोरीने मोडला. मी कडी धरून नुसती बघत उभी होते," ती म्हणाली. "तेही लिहा."