कुठली फाइल कुठं

१९९९च्या हिवाळ्यात संजीवनी इंदापुरात कॉम्प्युटर क्लास चालवत होती. सहा कॉम्प्युटर, सगळ्यांवर विंडोज. नुकताच एक नवा प्रोग्रॅम आला होता. तो टाकला की विंडोजमध्येच एका चौकटीत लिनक्स नावाची दुसरी प्रणाली चालायची. मशीनच्या पोटात दुसरं मशीन. फक्त त्या आतल्या मशीनला जोडीची साधनं बसवावी लागत, नाही तर माउस चौकटीत अडकायचा आणि घड्याळ मागं पडायचं. दर मशीनवर प्रश्नांची उत्तरं देत ती हातानं बसवायची म्हणजे अख्खी सकाळ जायची. म्हणून तिनं त्या सगळ्या साधनांचं मिळून एक पॅकेज करायला घेतलं. एक आज्ञा दिली की काम झालं.

पॅकेजला कुठली फाइल कुठं जाणार याची यादी लागते. ती केली तिच्या सासऱ्यांनी, दादासाहेबांनी. वालचंदनगरच्या कारखान्यात तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते, आदल्याच साली रिटायर झालेले. प्रोग्रॅमिंग त्यांना येत नव्हतं, पण नोंदीतून एक नटसुद्धा सुटू द्यायचा नाही, असा स्वभाव.

"पॅकेज काढून टाकलं तर मागं काय ऱ्हातं?" त्यांनी विचारलं.

"दोन फाइली, मामा."

"मंग अजून झालं न्हाय."

संजीवनीनं आणखी दोन दिवस घातले.

क्लासातल्या सहाही मशीनवर पॅकेज छान चाललं. तिनं एक फ्लॉपी बारामतीला योगिनीकडं पाठवली. ही तिची मैत्रीण, तिथल्या एका कॉलेजात लॅब सांभाळायची. चार दिवसांनी योगिनीचा फोन आला.

"अगं, बसतं नीट. पण मशीन बंद करून चालू केलं की माउस पुन्हा अडकतो."

दुसऱ्या दिवशी सासरे-सून सकाळच्या एसटीनं निघाले. काटेवाडी मागं पडली तरी संजीवनी चूक कुठं झाली हेच आठवत होती. तिला लाज वाटत होती.

लॅबमध्ये तिनं पॅकेजमधल्या आज्ञांचं आपलं स्क्रिप्ट तीनदा वाचलं. चूक सापडेना. दादासाहेबांनी मात्र योगिनीला मशीनमधल्या फोल्डरांची आणि फाइलींची नावं पडद्यावर आणायला सांगितली आणि एकेक नाव आपल्या यादीशी ताडून पाहू लागले.

"ही चालू करायची फाइल. आपण हितं ठिवलीया. हिच्यासारख्या बाकीच्या समद्या तितं हायत."

योगिनीकडचं लिनक्स वेगळ्या कंपनीचं होतं. मशीन सुरू होताना ते भलत्याच फोल्डरात बघायचं. संजीवनीची फाइल यादीतल्या जागेवर होती, पण तिला कुणी हाकच मारत नव्हतं.

"मामा, मी तासभर नुसतं स्क्रिप्टच वाचत बसले!" संजीवनीला हसू आलं.

जेवणाच्या सुट्टीआधी तिनं योगिनीच्या लिनक्सचं वेगळं पॅकेज केलं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. माउसचा बाण चौकटीतून अलगद बाहेर आला. दादासाहेबांनी माउस हातात घेऊन बाण चार वेळा आत-बाहेर नेला.

"आबा," योगिनी दादासाहेबांना म्हणाली, "गुरुवारी येऊन आमच्या पोरांना अशी यादी करायला शिकवाल का? घाई करतात, काहीतरी सुटतंच."

"मला काय येतंय कॉम्प्युटरातलं?"

"यादी करायची कशी, तेवढंच शिकवा."

दादासाहेबांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली. स्टँडवर आल्यावर संजीवनी भेळ घ्यायला गेली. परतली, तर दादासाहेब चौकशीच्या खिडकीशी वाकून विचारत होते, "गुरुवारी इंदापूरवरनं पहिली गाडी कितीला सुटती?"