उरलेल्या वर्षांचा हिशेब

मित्रांनो, ओळखलेत का मला? मी एक बारा आकडी कॅल्क्युलेटर, आता बराच जुना. माझ्या पाचच्या बटणावरचा पाच केव्हाच पुसून गेला आणि एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली आहे. पण माझी बेरीज आजवर एकदाही चुकलेली नाही. हे मी जरा छाती फुगवूनच सांगतो.

कारखान्यात शेवटच्या टेबलाशी बसलेल्या मुलीने माझी सगळी बटणे एकेकदा दाबून पाहिली आणि मला खोक्यात घातले. तिथून मी खिळे, रंग आणि कुलपे विकणाऱ्या एका दुकानात आलो. तिथे हिशेब लिहायला एक ताई होत्या. दिवसभर त्यांची बोटे माझ्यावर चालत. मालक गिऱ्हाइकांना सांगत, "आमच्या ताई आणि हे यंत्र, दोघांकडून चूक व्हायची नाही." दहा वर्षे अशी कौतुकात गेली. मग दुकानात संगणक आला आणि माझी रवानगी खणात झाली, सुकलेल्या डिंकाच्या बाटलीशेजारी. कोणी माझी विचारपूसही करेना. मला वाईट वाटले, फार वाईट वाटले.

काही वर्षांनी खण उघडला तो ताईंनीच.

"मालक, हा मी नेऊ का? परीक्षेला असा साधाच चालतो."

"न्या की. पण या वयात कसली परीक्षा काढलीत?"

गोष्ट अशी होती. ताई एकोणीस वर्षांच्या असताना त्यांच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन वर्षे. तेवढी दोन वर्षे सांभाळू, मग पुन्हा शिकू, असे ठरवून ताईंनी विद्यापीठ सोडले. वडील काही गेले नाहीत, त्याचा ताईंना आनंदच होता. पण शिक्षण राहिले ते राहिलेच. अखेर चाळिशीत त्यांनी संध्याकाळच्या वर्गात नाव घातले. एकच विषय आडवा आला, वित्तीय लेखांकनाचा दुसरा स्तर. त्यात त्या दोनदा नापास झाल्या, माझ्यादेखत. तिसऱ्यांदा नापास झाले की नाव कायमचे कमी, असा विद्यापीठाचा नियम होता.

गाडी अडायची ती घसाऱ्यापाशी. यंत्र वापरून झिजते, त्या झिजेची किंमत दरवर्षी वहीत टाकतात, तो घसारा. समजा, यंत्र एक लाखाचे आहे आणि दहा वर्षे टिकेल असा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला दहा हजार. चार वर्षांनी कळते की ते अजून बारा वर्षे चालणार. अशा वेळी ताई एक लाखाला सोळाने भागत आणि मागच्या चारही वर्षांचे आकडे खोडून नव्याने मांडत. मी निमूटपणे ६२५० दाखवत असे. भागाकार बरोबर असे आणि उत्तर चूक. मला जेवढे विचारतात तेवढेच मी सांगतो, त्याला माझा इलाज नाही.

शिकवणाऱ्या मॅडम ताईंपेक्षा बऱ्याच लहान होत्या. एकदा त्यांनी ताईंची वही पुढ्यात ओढली.

"तुम्ही सारख्या मागे का जाता?"

"दुकानात असंच करतो, मॅडम. चूक सापडली की मागची पानं दुरुस्त करायची."

"चूक असेल तर जरूर करा. पण ही चूक नाही, हा अंदाज आहे. तेव्हा जेवढं ठाऊक होतं, त्यावरून तो बरोबरच होता. मागचं तसंच राहू द्या. जे उरलंय ते उरलेल्या वर्षांवर वाटा."

ताईंनी लाखातून चाळीस हजार वजा केले आणि उरलेल्या साठ हजारांना बाराने भागले. मी ५००० दाखवले. ताई त्या आकड्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

घरी गेल्यावर वडील नेहमीसारखे म्हणाले, "माझ्यापायी तुझी वर्षं फुकट गेली गं." एरवी ताई विषय बदलत. त्या दिवशी त्या खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

"बाबा, ती चूक नव्हती. अंदाज होता. मागची पानं आता खोडायची नाहीत."

आणि त्यांनी यंत्राचे सगळे गणित वडिलांना समजावून सांगितले. म्हातारबुवा डोळे पुसून म्हणाले, "डॉक्टरांनी मला दोन वर्षं सांगितली होती. बावीस झाली. म्हणजे माझाही घसारा नव्याने काढायला हवा."

दोघेही हसत सुटले. दुसऱ्या दिवसापासून वडील गणितातले आकडे मोठ्याने वाचू लागले आणि ताई माझी बटणे दाबू लागल्या.

परीक्षेत एका मालवाहू गाडीचे गणित आले, तब्बल वीस गुणांचे. ताईंच्या बोटांनी सवयीने गाडीची मूळ किंमत दाबली आणि भागाकाराच्या बटणावर येऊन ती थबकली. माझा जीव टांगणीला लागला. मग बोटे मागे सरली. ताईंनी आधी आजवरचा घसारा वजा केला, उरलेल्या किमतीला उरलेल्या वर्षांनी भागले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

निकाल लागला. शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर, वर्गात दुसऱ्या. मॅडमनी भर वर्गात ताईंशी हात मिळवला. मालकांनी तर आल्यागेल्या गिऱ्हाइकाला हे सांगितले, कोणी विचारलेले नसताना. मित्रांनो, त्या दिवशी माझ्यासारखा भाग्यवान मीच होतो.

घरी वडिलांनी मला मागून घेतले आणि माझ्यावर ७८ दाबले. मी काही मिनिटांनी आपोआप बंद होतो, तसा झालो. त्यांनी मला चालू करून पुन्हा ७८ दाबले. जेवणापर्यंत हे चारदा झाले आणि मला एकदाही कंटाळा आला नाही.

म्हणून आम्हा जुन्या यंत्रांची तुम्हाला एवढीच विनंती. आम्हाला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा, पाण्यापासून जपा. आणि आमच्यावर एखादा आकडा तसाच ठेवलेला दिसला, तर तो घालवण्याआधी घरात विचारा, तो कोणाचा आहे.