नळीतलं पांढरं

डिंपलच्या बाळंतपणाचा आठवा दिवस. पहाटे पोटात उठलेली कळ दुपारपर्यंत पाठीला भिडली होती. बाळ शेजारी निजलेलं, आणि ती गुडघे छातीशी घेऊन वाकलेली.

"एक घास घे वो पोरी." निर्मलाबाईच्या हातात तुपानं चिंब डिंकाचा लाडू. "अंगावर मांस नाही तुह्या. दूध कुठून येईन?"

"आत्या, नको. उलटी होते."

निर्मलाबाई तिची सासू, पण त्याआधी आत्या. भावाची लेक तिनं हट्टानं सून करून आणली होती.

तेवढ्यात दारात स्कूटी थांबली. लाखांदूरच्या लॅबमधली रत्नमाला सकाळी डिंपलचं रक्त घेऊन गेली होती. फोन कोणी उचलेना म्हणून आता धावत आली. तिनं काचेची नळी उजेडात धरली. खाली लाल, वर पांढरं.

निर्मलाबाईचा चेहरा फुलला. "पाहा, अंगात दूध उतरून राहिलं! कैलाश, नारळ आण बाबा."

"मावशी, दूध नोहे ते. चरबी आहे. मशीन आकडाच दाखवत नाही, एवढी. डॉक्टर म्हणाले, कळ त्याचीच आहे, आताच भंडाऱ्याले न्या. तोवर तोंडात काही घालू नका."

"चरबी? ह्या काडीच्या अंगात? चरबी मोटारवाल्यांले होते बाई!"

"माय, गाडी बोलावू का?" डिंपलच्या नवऱ्यानं, कैलाशनं विचारलं.

"आठ दिवसांची बाळंतीण उंबऱ्याबाहेर? चूप राय."

डिंपल कण्हली. तिचे ओठ पांढरे पडले होते. रत्नमाला खाटेशी बसली, तिची नाडी धरून. मग मान वर न करता म्हणाली, "मावशी, हिच्या माहेरात कोणी असं पोट धरून गेलं का?"

हिचं माहेर म्हणजे निर्मलाबाईचंही माहेर. लाडवाचा हात हवेतच थांबला.

चंदाबाई. थोरली बहीण. अशीच काडी, अशीच ओली बाळंतीण. नवव्या दिवशी "पोट वो, पोट" करत गेली. बारा वर्षांची निर्मला मायच्या सांगण्यावरून तिच्या तोंडात तुपाचा चमचा घालत होती.

"कैलाश," ती लाडू खाली ठेवत म्हणाली, "गाडी बोलाव."

दोन तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना पिकलेला धान, पुढे कैलाशच्या कुशीत बाळ, आणि मांडीवर डिंपलचं डोकं. निर्मलाबाई श्वास मोजत होती. एक येई, दुसरा येईपर्यंत तिचा स्वतःचा अडे.

"जाड माणसालाच हे होतं असं नाही," भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले. "आपल्या भागातल्या लोकांच्या रक्तात सडपातळ असूनही चरबी चढते. काही कुळांत तर ती पचवण्याची ताकदच जन्मतः कमी असते. गरोदरपणात चरबी आणखी वाढते, आणि मग वरून तूप. त्यानं पोटातलं स्वादुपिंड सुजलंय."

"वाचन का पोरगी?"

"दोन दिवस सांगता येणार नाही." त्यांनी केसपेपर पुढे ओढला. "नवरा-बायको नात्यातले आहेत?"

"हो," निर्मलाबाई म्हणाली. "मीच आणलं हिले माह्या घरी."

"मग बाळाचंही रक्त पाहावं लागेल. एकच खोट दोन्हीकडून आलेली असू शकते."

दोन दिवस निर्मलाबाई वॉर्डाच्या दारापासून हलली नाही.

तिसऱ्या सकाळी नर्सनं बाळाच्या टाचेला सुई टोचली. बाळ असं रडलं की वॉर्ड दणाणला. अर्धवट उघड्या काचेच्या दारापलीकडे नळ्यांनी वेढलेली डिंपल, तीन दिवसांत शब्द न बोललेली. तिचे डोळे उघडले.

"आत्या, काहून रडून राहिलं ते?"

निर्मलाबाई बाळाला छातीशी घट्ट धरून दारातच खाली बसली.