निसटता ठेका

हॉल दिराचा, पण रविवारची दुपार वहिनींची. तिथल्या नाचाला गाणी लावायला त्या कुणाकडे शिकल्या नव्हत्या. एक कान हेडफोनला, दुसरा हॉलकडे, आणि अंगठा फिरत्या तबकडीच्या कडेवर. अंगठ्याने हलकेच रेटलं की येणारं गाणं चालू गाण्याच्या पावलावर पाऊल टाकतं. कधी टाकत नाही. मागच्या खेपेला दोन गाणी एका ओट्याशी उभ्या केलेल्या जावांसारखी भांडली होती.

"आज सिंकचं बटण दाबायचं, वहिनी," दिराने आल्या आल्या बजावलं. "ठेके मशीन जुळवेल. पुन्हा घसरलं तर पुढच्या रविवारपासून मी तयार मिक्स लावणार. तुम्ही घरी आराम करा."

"आराम करायला मी काय आजारी आहे?" असं म्हणाल्या खऱ्या, पण बटण दाबलं. ही दुपार त्यांना हातची घालवायची नव्हती.

गाण्यामागून गाणी आली. कुठे सांधा दिसेना. माणसं नाचत होती, पण इस्त्री फिरवल्यासारखी सपाट. शिंपीणबाई तर भिंतीशी बसून मोबाइल चाळू लागल्या. एरवी त्यांना ओढून बसवावं लागे!

वहिनींचा अंगठा शिवशिवला. त्यांनी बटण बंद केलं आणि धावत्या गाण्यावर एक रेंगाळणारं, जडशीळ गाणं चढवलं. शहाण्याने करू नये असं.

घसरलं. चांगलंच घसरलं. दोन्ही ठेके एकमेकांच्या पायात पाय घालून पडले, नाचणारे अडखळले.

"वहिनी, सांभाळा!" कुणीतरी ओरडलं. शिंपीणबाईंनी मान वर केली.

एक गाणं पटकन बंद करून लाज राखता आली असती. वहिनींनी उलट आवाज वाढवला आणि त्या लंगड्या गाण्याला अंगठ्याने रेटत राहिल्या. लोक नाच सोडून त्यांच्या हाताकडे बघू लागले. शिंपीणबाई उठल्या, टाळ्यांनी ठेका धरू लागल्या. गाणं जवळ आलं, निसटलं, पुन्हा आलं, आणि जुळलं तेव्हा अख्खा हॉल असा ओरडला, जणू प्रत्येकाने आपल्या हाताने ते ओढून आणलं होतं.

दीर धापा टाकत आला. "घसरलं ना? सगळ्यांच्या देखत!"

"देखतच घसरावं, भावजी. चोरून घसरण्यात काय मजा?"

"पुढच्या रविवारी मशीन. ठरलं." त्याचा हात बटणाकडे गेला.

वहिनींनी त्या हातावर चापट मारली. "पुढचा रविवार घ्या तुम्हाला. हा अजून संपायचाय."

आणि आजवर कशाशीच न जुळलेलं गाणं त्यांनी हातात घेतलं.