गेटवर ओतलेलं पाणी

माझं तोंड उघडलं की या घरात पाणी पिण्याआधी वास घेतात. म्हणून आजवर मी गप्प बसले. पण आज बोलतेय. मी स्टीलची पाण्याची बाटली आहे, आणि जे घडलं ते मी आतून-बाहेरून पाहिलंय.

कारखान्यात मला दोन भिंती घालून बनवलं. मधली हवा काढून घेतली. आतलं थंड बाहेर जाऊ नये आणि बाहेरचं ऊन आत येऊ नये, एवढंच माझं शिक्षण. त्यामुळे स्वभावानं मी जरा संशयीच. कोणी प्रेमानं उचललं तरी पहिला विचार येतो, याला हवंय काय?

माझी पहिली मालकीण म्हणजे आई. ती रुग्णालयात नर्स आहे, तातडीच्या विभागात. सहा वर्षं मी तिच्या टेबलाखाली उभी राहिले. उन्हाळ्यात तिथं काय काय येतं ते मला ठाऊक आहे. रंगारी येतो, पोस्टमन येतो, मैदानावरून उचलून आणलेली शाळकरी पोरं येतात. लाल तोंडं, कोरडे ओठ. आई त्यांच्या काखेत बर्फ ठेवायची आणि विचारायची, "तुमचं नाव काय? आज वार कोणता?" नाव चुकलं की तिचा चेहरा बदलायचा.

अशा बाईच्या सोळा वर्षांच्या मुलीनं भर उन्हाळ्यात म्हणावं, "मला म्युझिक फेस्टिव्हलला जायचंय. उघड्या मैदानात आहे. दुपारी बारापासून," म्हणजे काय झालं असेल त्याची कल्पना करा.

"बारापासून?" आई म्हणाली. "बारा वाजता गाढवंसुद्धा सावलीला जातात."

"गाढवांना गाण्यातलं काही कळत नाही, म्हणून."

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या माणसांशी गोड बोलायची त्यांना सवय. ते म्हणाले, "बबडी, बरोबर कोण आहे?" घरात तिला बबडी म्हणतात, आणि तिला ते मुळीच आवडत नाही.

"पेन्सिल आहे ना." पेन्सिल म्हणजे तिची मैत्रीण. उंच, काटकुळी, म्हणून हे नाव.

"तिच्या घरी माहीत आहे?"

"हो तर!"

हे "हो तर" जरा जास्तच लवकर आलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आम्हा दोघींनाही ते पटलं नव्हतं.

पण परवानगी मिळाली. अटी इतक्या की तिकिटाच्या मागे मावल्या नसत्या. दर तासाला फोन. डोक्यावर टोपी. सात वाजता घरात. आणि मी. त्या सकाळी आईनं मला घासून घेतलं, लिंबू पिळलं, मीठ-साखर घातली, बर्फ टाकला. चमच्यानं चव घेतली, पुन्हा चिमूटभर मीठ टाकलं. मग बबडीची सॅक उघडून आत हात घालून सगळे कप्पे चाचपले. बबडी दारातून बघत होती.

"काही सापडलं?" तिनं विचारलं.

"टोपी शोधत होते," आई म्हणाली. टोपी बबडीच्या डोक्यावर होती.

मैदानाच्या गेटवर लांबलचक रांग. तिथल्या रखवालदारानं मला उचललं, हलवलं, नाकाशी धरलं. "काय आहे यात?"

"लिंबू-पाणी. आईनं दिलंय."

"सगळ्यांच्याच आया देतात हल्ली," तो म्हणाला. "ओत."

"काका, पिऊन दाखवू का?"

"ओत म्हणतो ना. रांग थांबलीय."

ओतलं. एवढ्या काळजीनं मापलेलं ते पाणी धुळीत गेलं आणि बर्फाचे चार खडे तिथंच उन्हात पडून राहिले. आयुष्यात इतका अपमान झाला नव्हता. मी रिकाम्या पोटी आत गेले. आतल्या नळावरची रांग गेटपेक्षा मोठी. पाऊण तासानं मी भरले, तेही कोमट पाण्यानं. त्याला नळाच्या औषधाचा वास.

गाणी सुरू झाली. ढोल वाजला की माझ्या पोटातलं पाणी थरथरायचं. पोरं नाचत होती, हसत होती. खरं सांगते, त्यांच्यात वाईट असं मला काही दिसलं नाही, आणि मी बारकाईनं शोधत होते.

चारच्या सुमारास पेन्सिल म्हणाली, "मला कसंतरी होतंय. बसू या का सावलीला?"

बबडीचा आवडता गायक तेवढ्यात मंचावर आला होता. ती म्हणाली, "थांब ना, पाचच मिनिटं."

पेन्सिल थांबली. मग तिनं बबडीला आपल्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारली. म्हणाली, "दप्तर भर, बस येईल." आणि गुडघ्यांतून दुमडून खाली बसली. उलटी झाली.

पुढचं बबडीनं झटक्यात केलं. मला उपडं करून पेन्सिलच्या मानेवर, डोक्यावर सगळं पाणी ओतलं. गळ्यातला आईचा सुती स्कार्फ भिजवून तिच्या कपाळावर ठेवला. "सरका! वाट द्या!" अशी ओरडली की बाजूचे चार जण उचलायला धावले. त्या गोंधळात मी खाली पडले, कुणाचा तरी बूट माझ्यावर पडला. बुडाला पोचा आला तो तेव्हाचा.

उपचाराच्या तंबूत दीड तास गेला. डॉक्टरनं घरचा नंबर मागितला, पेन्सिलनं चुकीचा दिला. तिनं घरी सांगितलं होतं की ती बबडीकडे अभ्यासाला जातेय. "शपथ घे," ती पडल्या पडल्या म्हणाली. "कुणालाही सांगणार नाहीस. बाबा मला पुन्हा घराबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत." बबडीनं शपथ घेतली. पेन्सिल जरा सावरल्यावर तिला रिक्षानं घरी सोडलं.

आम्ही साडेसातला पोचलो. बाबांचे अकरा फोन येऊन गेले होते. आईनं बबडीला पाणी दिलं, बसवलं, कपाळाला हात लावला. मग मला उचललं. झाकण उघडलं आणि नाक आत घातलं.

तिला दारूबिरूच्या वासाची भीती होती. तो नव्हता. पण लिंबाचाही नव्हता.

"मी दिलेलं पाणी प्यायलीस?"

"हो. सगळं."

"स्कार्फ कुठाय?"

"हरवला."

"शर्टावर काय सांडलंय?"

"आई, तू नर्स आहेस की पोलीस?"

बाबा मधे पडले, "जेवून घेऊ या आधी." कुणी धड जेवलं नाही. बबडी ताटात बोटं फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं वर न बघता म्हणाली, "आई, ऊन लागून कुणी भलतंच बोललं, आणि मग बरं वाटलं, तर काळजीचं काही नसतं ना?"

आईचा घास हातातच राहिला. "भलतंच म्हणजे? आपल्या माणसाला ओळखलं नाही?"

बबडीनं ताट बाजूला सरकवलं.

"पेन्सिल?"

बबडी रडायलाच लागली. "मी शपथ घेतलीय!"

"शपथ राहू दे तुझ्याकडे. मला फक्त एवढं सांग, परत आल्यापासून ती लघवीला गेली का?"

बबडीनं मेसेज पाठवून विचारलं. उत्तर आलं, एकदाच, चहासारखी. आईनं फोन बबडीसमोर ठेवला. "तिच्या आईला तू करतेस की मी करू?"

बबडीनं केला. मैदानात पेन्सिलला काय झालं ते तिनं सांगितलं.

पेन्सिलला लगेच भरती केलं. मूत्रपिंडांवर ताण आला होता, तीन दिवस सलाइन चाललं. आता ठीक आहे. पण तिच्या आईनं फोनवर सुनावलं, "तुमच्या मुलीची संगत नको आम्हाला." पेन्सिलनं मेसेजला उत्तर देणं बंद केलं. आणि बबडीनं आईशी बोलणं. "तुझ्यामुळे गेली माझी मैत्रीण," हे शेवटचं वाक्य.

आई मात्र माझ्याकडे बघत राहायची. तिला वाटत होतं, अजून काहीतरी राहिलंय. तिचं बरोबर होतं. मला ठाऊक होतं काय राहिलंय. पण ते सांगणं माझं काम नव्हतं.

परवा दुपारी आई गणवेशाला इस्त्री करत होती. बबडी येऊन दाराला टेकली. "ती म्हणाली होती, बसू या. मी म्हटलं, थांब."

आईनं इस्त्री उभी केली. "किती वेळ?"

"एक गाणं."

"कोणतं?"

बबडीनं बराच विचार केला. "आठवत नाहीये, आई. त्याच्यासाठी थांबवलं तिला, आणि आठवतच नाहीये."

आई तिला जवळ घ्यायला गेली नाही. स्टूल पुढे सरकवलं, बबडी बसली, आणि दोघी इस्त्री थंड होईपर्यंत तशाच बसून राहिल्या.

माझं म्हणाल तर बुडाच्या पोच्यामुळे आता पाणी तासाभरात कोमट होतं. बाबांनी नवी बाटली आणलीय. भंगारात द्यायची भाषा माझ्या कानावर आलीय. देऊ नका. थंड ठेवता आलं नाही तरी पाणी वाहून न्यायला मी अजून धड आहे. आणि गेटवरच्या काकांनो, एकदा चाखून तरी बघत जा.

आज बबडीनं मलाच भरून घेतलं. "पेन्सिलच्या घरी जातेय. माफी मागायला. दार उघडतील की नाही, माहीत नाही."

आईच्या ओठांवर वीस प्रश्न आले, ते मी मोजले. तिनं सगळे गिळले. "मी येऊ बरोबर?" एवढंच विचारलं.

"नको. कोपऱ्यापर्यंत चल."

आम्ही तिघी कोपऱ्यापर्यंत आलोय. पलीकडच्या गल्लीत तिसरं घर पेन्सिलचं. खिडकीचा पडदा जरासा हललेला मला दिसला. वाऱ्यानं हलला असेल म्हणावं, तर आज वारा नाही.