बाबाचं लाल तेल आणि माझी गाडी

मी सांगतो ते तुमच्यातलं कोणी खरं मानणार नाही, लावा पैज. बोळिंजला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी बाकावर बसून ही हकीकत मी पन्नास वेळा सांगितली. माझ्या गाडीचा गिअर अडकला होता. आगाशीच्या ऑइलबाबानं बॉनेटवरून एक लिंबू फिरवलं, आणि ती गाडी तुंगारेश्वरच्या डोंगराचा चढ रिव्हर्समध्ये चढली. वर माकडं टाळ्या वाजवत होती!

माकडांवर लोक हसायचे. गाडीवर मात्र कोणी शंका घ्यायचं नाही.

रविवारी सकाळी आगाशीच्या बाजारामागे मोकळ्या जागेत गाड्यांची ही रांग. नायगावच्या टॉवरांतूनसुद्धा लोक यायचे. बाबाच्या डोळ्यांवर गॉगल, अंगात ढगळ बाह्यांची भगवी कफनी. बॉनेट उघडून तो गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढायचा आणि पांढऱ्या रुमालावर टेकवायचा. थेंब काळाकुट्ट.

"गाडीचं रक्त सडलंय, माउली! नजर लागलीय! पार्किंग कुणाशेजारी आहे?"

"तिसऱ्या मजल्यावरचे ते..."

"तोच तो!"

पट्टी परत आत. लिंबू गरागरा. "ॐ गिअराय फट्, क्लचाय फट्, टोलनाक्याय स्वाहा!" पुन्हा पट्टी बाहेर, पुन्हा रुमाल. थेंब लालभडक! बायका हात जोडायच्या, पुरुष मोबाइल उंच धरायचे.

मी बाबाला मानत नव्हतो. मला गोष्ट रंगवायची हौस, एवढंच. लोक ऐकतात, कोणीतरी चहा सांगतं. फिरत फिरत ती गोष्ट बाबापर्यंतही गेली, तोही रांगेतल्यांना ती ऐकवायचा.

ऐकणाऱ्यांत चौथ्या मजल्यावरची विनिता होती. तिचा नवरा परेश आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. येताना त्याला रिक्षाचे धक्के सोसत नाहीत, म्हणून त्यांनी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतलेली. ती महिनाभर झटके देत होती.

"काका, गॅरेजवाला गॅब्रिएल म्हणतो, गिअरचं तेल जळलंय, बदला. आठ हजार. उशीर केलात तर गिअरबॉक्सच जाईल, मग लाखाच्या वर. मी विचारलं, बदलल्यावर झटके जातील ना? तर म्हणतो, गॅरंटी नाही देत मॅडम. आत झीज किती झालीय ते उघडल्याशिवाय कसं सांगू?"

"बघ!" मी म्हटलं. "त्याला गॅरंटी देता येत नाही. बाबानं मला दिली होती."

"तुमची गाडी खरंच नीट झाली?"

"नीट? अगं, चढली!"

दुसऱ्या रविवारी तिच्याही गाडीत बाबाचं लिंबू लटकलं, तेल बदलायचं राहिलं. दहा दिवसांनी, परेशला नेताना, हायवेच्या पुलावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि गाडी जागची हलेना. दोन तास गेले. मशीनवरची त्याची पाळी चुकली. संध्याकाळपर्यंत छातीत पाणी भरलं. पाच दिवस आयसीयूत होता. मी भेटायला गेलो, बाहेरच्या खुर्चीत विनिताशेजारी बसलो. त्या दिवशी मला एकही गोष्ट सुचली नाही.

परेश घरी आल्यावरच्या रविवारी विनिता पुन्हा आगाशीच्या रांगेत दिसली. सोबत गॅब्रिएल, आणि त्याच्या गॅरेजमधली एक जुनी ऑटोमॅटिक. मीही गेलो होतो. का, ते विचारू नका.

बाबानं पट्टी ओढली. थेंब काळा. लिंबू फिरलं, "क्लचाय फट्" झालं.

"बाबा, हिला क्लचचं पेडलच नाही," गॅब्रिएल म्हणाला. "मंत्र कुणाला लागला?"

गर्दी खसखसली. बाबानं घाईनं पट्टी काढली. थेंब लालभडक!

"थांबा," विनिता म्हणाली. "गॅरेजमधून निघताना मी या पट्टीच्या कडीवर नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका दिला होता. तो कुठे गेला?"

गॅब्रिएलनं बाबाचा हात धरून बाही झटकली. दुसरी पट्टी खणकन खाली पडली. काळी, कडीवर गुलाबी ठिपका.

"ऐका रे," गॅब्रिएल म्हणाला. "या ऑटोमॅटिक गाड्यांचं गिअरचं नवं तेल लालच असतं, कंपनीच रंग घालते. तापून तापून ते काळं पडतं. यानं तेल बदललंच नाही, पट्टी बदलली! आत काळं तेल तसंच. वेळेवर बदललं तर गिअरबॉक्स टिकतो. झिजून गेल्यावर माझं नवं तेलपण चमत्कार करत नाही, म्हणून मी गॅरंटी देत नाही."

बाबा मागे सरकत, माझ्याकडे बोट करून किंचाळला, "मग त्या म्हाताऱ्याची गाडी? विचारा त्याला! चढली की नाही तुंगारेश्वर?"

सगळी गर्दी माझ्याकडे वळली. आशेनं. मला वाईट वाटलं ते त्या आशेचं.

विनिता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नेलपॉलिशची बाटली अजून तिच्या मुठीत होती.

"पट्टीवर खूण मी आज केली, काका. त्याच्या आधी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता. चमत्कार सांगणाऱ्या प्रत्येकाला विचारायलाच हवा. माणूस ओळखीचा असला तर सगळ्यांत आधी."

"विचार," मी म्हटलं.

"दहा वर्षं आमच्या सोसायटीत राहताय. तुमचं पार्किंग कुठे आहे?"

माकडांपासून सुरुवात करावी म्हणून मी तोंड उघडलं.

"खोटं बोलता तुम्ही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुमच्याकडे गाडी कधी नव्हतीच."